उद्यमनगरातलं गॅरेज आणि नसलेला टायमिंग बेल्ट

माझी वॅगन आर २०१४ ची, पेट्रोल. कोल्हापूर ते कळे, रोज शाळेला जाऊन-येऊन चाळीस-पन्नास किलोमीटर. उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांपायी सारखं साइडपट्टीवर उतरायचं नि परत चढायचं. दिवाळीनंतर डाव्या पुढच्या चाकातून खड्ड्यात ‘खट्’ व्हायला लागलं.

आधी हायवेवरच्या एका चकाचक वर्कशॉपात गेले. एसीत बसवलं, कॉफी दिली आणि १९,४०० चं एस्टिमेट दिलं. पुढचे दोन्ही शॉकअब्सॉर्बर, इंजिन फ्लश, एसीचं कसलंसं निर्जंतुकीकरण, शिवाय टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले भाग एका तालात फिरवणारा पट्टा. समजावून सगळं आमच्या ह्यांना सांगत होते. ह्यांना गाडी चालवता येत नाही.

तो कागद घेऊन इथे, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या ह्या गॅरेजात आले. लेथच्या दुकानाला लागून पत्र्याची शेड, बसायला एक बाकडं. मिस्त्रींनी कागद वाचला. “मॅडम, ह्या इंजिनात बेल्टच न्हाई. चेन हाय.” गाडी स्वतः न घेता मलाच चालवायला लावली आणि शेजारी बसले. एकाच स्पीडब्रेकरवरून तीनदा गेलो. मग गाडी जॅकवर घेतली, टॉमी (लोखंडी दांडा) लावून लोअर आर्म, म्हणजे चाक गाडीला खालून जोडणारा भाग, हलवला आणि मला वाकून बघायला सांगितलं. त्याच्या सांध्यातल्या बुशचं रबर चिरलेलं, ‘खट्’ तिथूनच. शॉकअब्सॉर्बर कोरडे ठणठणीत, गळालेल्या तेलाचा थेंब नाही. “हे कशाला बदलायचं?”

दोन्ही बाजूंचे बुश बदलले, जुने कागदात बांधून हातात दिले. ब्रेक ऑइल कधी बदललं विचारल्यावर मी म्हटलं, तीन वर्षं झाली असतील. त्यावर बोलणी खाल्ली. ते हवेतली ओल पितं म्हणे. सपाटीला काही कळत नाही, पण गगनबावड्याचा घाट उतरताना ब्रेक तापले की त्याच पाण्याची वाफ होते आणि पेडल भसकन खाली जातं. मे महिन्यात आम्ही त्याच घाटाने कोकणात उतरलो होतो, पाच माणसं आणि सामान. मुकाट्याने बदलून घेतलं.

इंजिन ऑइलचा साडेतीन लिटरचा कॅन माझ्यासमोर फोडला आणि तळाशी उरलेलं बूच लावून परत दिलं. एअर फिल्टरला नुसती हवा मारली. अलाइनमेंट धरून सगळे ४,१२०.

आता तक्रारी. ‘संध्याकाळी पाचला’ म्हणजे दुसऱ्या दिवशी अकराला. फोन उचलत नाहीत. बिल वहीच्या पानावर मिळतं, त्यामुळे गाडी वॉरंटीत असेल तर इथे आणू नका. वॉशिंग होत नाही, उलट स्टिअरिंगवर ग्रीसची बोटं उमटलेली असतात; जाताना फडकं न्या.

गेल्या आठवड्यात मागून किणकिण यायला लागली म्हणून परत नेली. मिस्त्रींनी डिकी उघडली, सैल पडलेला जॅकचा दांडा चिंधीत गुंडाळून कोपऱ्यात दाबून बसवला. पैसे विचारले तर हात हलवला. घरी सांगितलं तर हे म्हणाले, “एवढं तर मलाही जमलं असतं.”