थेट नकार की ‘पत्रिका जुळत नाही’?

ठरवून होणाऱ्या लग्नांत नकार कळवण्याच्या दोन रीती रूढ आहेत. ‘आम्हाला स्थळ पसंत नाही’ असे स्पष्ट सांगणे ही पहिली. तिच्यात संदिग्धता उरत नाही, पण समोरच्या घरी तो शब्द बराच काळ सलत राहतो. दुसरी रीत म्हणजे ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप. ३६ पैकी नेमके किती गुण जुळले, हे अशा वेळी सहसा कोणी खोदून विचारत नाही, कारण खरा अर्थ सांगणाऱ्यालाही ठाऊक असतो आणि ऐकणाऱ्यालाही. दोष ग्रहांच्या माथी जातो आणि दोन्ही घरांचा मान राहतो. तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात दाखवले, की असा सूचित अर्थ बोलणाऱ्याला मागेही घेता येतो. म्हणूनच ‘दुसऱ्या गुरुजींना दाखवली, तेव्हा जुळली’ असे म्हणत तीच मंडळी पुन्हा दारात येऊ शकतात (आणि येतातही!), थेट नकारानंतर ही वाट बंद झालेली असते.

‘घरी विचारून कळवतो’ हे उत्तर मात्र मला अन्यायाचे वाटते, कारण त्यावर विसंबून मुलीकडचे लोक पुढची स्थळे पाहायचे थांबतात. तिथे फोन करून सरळ ‘नाही’ म्हणावे.