पाचशे गोळ्या झेललेली दुर्बीण

"मॅग्नमच्या पाचशे गोळ्या झेलल्यात, झिरो केसभरही हललेला नाही." पिस्तुलावर बसवायच्या वापरलेल्या दुर्बिणीच्या जाहिरातीतल्या या एका वाक्याला मी भुललो. मॅग्नम म्हणजे जबर धक्का देणारं काडतूस. असे पाचशे धक्के खाऊनही दुर्बिणीचा झिरो, म्हणजे नेम धरू तिथेच गोळी पडेल अशी जुळवणी, बिघडला नाही, असा तो दावा. त्यात खरं किती होतं, हे कळायला दोन महिने गेले आणि दुर्बिणीच्या किमतीइतकीच काडतुसंही गेली.

माझं रिव्हॉल्व्हर .४४ मॅग्नमचं. चाळिशी लागल्यापासून फोरसाइटकडे (रिव्हॉल्व्हरच्या टोकावरच्या नेमाच्या खुंटीकडे) बघावं तर लक्ष्य पुसट आणि लक्ष्याकडे बघावं तर फोरसाइट पुसट. २०० मीटरवरचा पोलादी मेंढा, म्हणजे मेंढ्याच्या आकाराचं लक्ष्य, पाडायची हौस तर सुटत नव्हती, म्हणून दुर्बीण घ्यायची ठरवली. रायफलची दुर्बीण इथे चालत नाही, एवढं मला ठाऊक होतं. तिला डोळा आठ-दहा सेंटिमीटरवर लागतो. आपण तर हात लांब करून नेम धरतो, त्यामुळे डोळा अर्धा मीटर मागे असतो. त्यासाठी लांब आय रिलीफची, म्हणजे डोळा लांब ठेवूनही नीट दिसेल अशी, खास पिस्तुलाची दुर्बीण लागते. अशा दुर्बिणी बनवणारे मोजकेच, ल्युपोल्ड आणि बरिस ही त्यातली जुनी नावं. नवी महाग पडते, म्हणून मी वापरलेली शोधत होतो.

विक्रेता बोलायला गोड होता. एका नामांकित कंपनीची, दोन पट मोठं दाखवणारी दुर्बीण, किंमत नव्या दुर्बिणीच्या निम्म्याहून कमी. मी शंका काढायच्या आत त्याने सिरियल नंबरचा फोटो पाठवला, आणि पाठोपाठ व्हिडिओ. रिव्हॉल्व्हरवर दुर्बीण, धडाधड सहा गोळ्या, सहाही पत्र्यावर. "साहेब, कंपनीची आयुष्यभराची वॉरंटी आहे, काळजी कसली करता?" पैसे पाठवताना म्हणाला, "खरेदी म्हणून दाखवू नका, मित्राला पाठवतोय असं दाखवा. शुल्क वाचेल, तेवढं मी किमतीत कमी करतो." मी तसंच केलं. खरेदीदाराला मिळणारं संरक्षण त्या क्षणी माझ्याच हाताने मी काढून टाकलं.

पार्सल उघडलं तेव्हा दुर्बीण इतकी चकचकीत होती की मी खूश झालो. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. मॅग्नमच्या पाचशे गोळ्या झेललेल्या दुर्बिणीच्या नळीवर तिला धरून ठेवणाऱ्या कड्यांचे व्रण राहतातच. कितीही जपून बसवा, कडी जिथे आवळली तिथे पट्टा उमटतो, निदान काळ्या रंगाची चमक तरी मोडते. या नळीवर एक ओरखडा नव्हता. मला वाटलं, माणूस जपून वापरणारा दिसतो!

पहिल्या दिवशी हलक्या गोळ्यांवर झिरो केला. सगळं छान. मग मॅग्नमची काडतुसं भरली. पहिल्या चार गोळ्या जवळजवळ पडल्या, पाचवी तळहातभर डावीकडे, सहावी खाली. मला वाटलं माझाच हात दचकतोय. आठवडाभर रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर घोडा दाबायचा सराव केला, मग काडतुसं बदलली, मग बेसचे, म्हणजे कड्या ज्या पट्टीवर बसतात तिचे, स्क्रू काढून, तेल पुसून, लॉकटाइट (स्क्रू ढिले होऊ न देणारा गोंद) लावून पुन्हा बसवले. बिघडलेली दुर्बीण हुबेहूब वाईट नेमबाजासारखी वागते, त्यामुळे माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. विक्रेत्याला हे पक्कं माहीत असावं.

रेंजवर एक वयस्क गृहस्थ आहेत, आम्ही त्यांना दादा म्हणतो. ते म्हणाले, "अरे, आधी दुर्बीण काढ आणि उघड्या साइटवर मार." २५ मीटरवर सहाही गोळ्या तळहाताएवढ्या जागेत. म्हणजे हातही ठीक आणि रिव्हॉल्व्हरही. मग त्यांनी दुर्बीण परत बसवायला लावली आणि कडी व नळी दोन्हींवरून जाईल अशी पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली. मॅग्नमच्या दहा गोळ्यांनंतर रेघ जशीच्या तशी. नळी कडीत सरकत नव्हती. "मग रोग पोटात आहे," दादा म्हणाले.

घरी रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याची दोनदा खात्री करून ते शिकंज्यात धरलं, क्रॉसहेअर (दुर्बिणीतली नेमाची फुली) समोरच्या भिंतीतल्या खिळ्यावर आणलं आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने नळीवर हलकी टिचकी मारली. क्रॉसहेअर खिळ्यावरून उडी मारून बाजूला गेलं. पुन्हा टिचकी, पुन्हा उडी, पण परत जागेवर नाही. जुळवणीची चकती फिरवून वीस क्लिक वर नेऊन वीस क्लिक खाली आणलं, तरी मूळ जागी येईना. शेवटी दादांनी ती उघडलीच. आतली छोटी नळी, जिच्यावर सगळी जुळवणी अवलंबून असते, तिला दाबून धरणारी स्प्रिंग बॉलपेनातल्या स्प्रिंगसारखी. एक भिंग तर चार ठिपके गोंदावर उभं होतं.

या बिचाऱ्या स्प्रिंगवर किती भार येतो, त्याचा ढोबळ हिशेब मी नंतर मांडला. सव्वा-दीड किलोचं .४४ मॅग्नम आणि साडेतीन किलोची .३०-०६ रायफल यांच्या धक्क्याची ऊर्जा साधारण सारखीच भरते. पण रायफल सेकंदाला पावणेचार मीटरच्या आसपास वेगाने मागे येते आणि रिव्हॉल्व्हर सहा मीटरने. हा वेग एक-दीड मिलिसेकंदात येतो. त्या क्षणी २०० ग्रॅमची दुर्बीण मोठ्या माणसाच्या वजनाएवढी ओढ कड्यांना देते. म्हणूनच मोठं भिंग आणि जास्त पट यांचा सोस इथे महागात पडतो, कारण दुर्बीण जितकी जड तितके स्क्रू लवकर कातरतात. अशाच जबर धक्क्याच्या पिस्तुलांसाठी एसएसके इंडस्ट्रीजच्या जे. डी. जोन्स यांनी तीन-चार कड्यांचा टीसॉब माउंट आणला. माझ्याही बेसवर तीन कड्या होत्या, पण दुर्बीणच फुसकी असल्यावर कड्या काय करणार?

मग तो व्हिडिओ मी पुन्हा पाहिला, या वेळी अगदी हळू चालवून. सहा गोळ्यांत रिव्हॉल्व्हरची नळी जेमतेम चार बोटं उचलली जात होती. टेबलावर पडलेली रिकामी काडतुसं शेजारच्या मॅग्नमच्या डबीतल्या रिकाम्या काडतुसांपेक्षा जरा बुटकी दिसली. ती .४४ स्पेशल या त्याच जाडीच्या, पण सौम्य काडतुसाची होती! मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये स्पेशल बिनधास्त चालतं, केस फक्त तीनेक मिलिमीटर आखूड असते, आणि धक्क्याची ऊर्जा जेमतेम पाव. रिव्हॉल्व्हर मॅग्नमचं दाखवून गोळ्या स्पेशलच्या मारल्या होत्या. आणि नळीवर व्रण नाहीत त्या अर्थी व्हिडिओतली दुर्बीणही माझी नव्हतीच.

कंपनीला सिरियल नंबर कळवला. उत्तर आलं की हा नंबर आमच्या एका रायफलच्या दुर्बिणीचा आहे, तुमच्याकडची वस्तू नकली आहे आणि नकली वस्तूला वॉरंटी लागू होत नाही. त्यांचं बरोबरच आहे. दुसऱ्याच्या खऱ्या नंबरचा फोटो कुठून उचलायला काय लागतं? हा नंबर पैसे देण्याआधी कंपनीला विचारला असता, तर एका पत्रात काम झालं असतं.

विक्रेत्याला लिहिलं. तो म्हणाला, "तुम्हीच कड्या जास्त आवळल्या असणार." मी पांढऱ्या रेघेचे आणि उघडलेल्या दुर्बिणीचे फोटो पाठवले. "आता उघडलीत म्हटल्यावर परत कशी घेऊ?" यानंतर त्याने मला ब्लॉकच केलं. पैसे पाठवणाऱ्या सेवेकडे तक्रार केली, तर तिथे नोंद होती की मी मित्राला पैसे दिलेत.

आता मी वापरलेली दुर्बीण मागताना तीन गोष्टी आधी सांगतो. माझ्यासमोर माझ्याच रिव्हॉल्व्हरवर, मीच आणलेल्या पूर्ण ताकदीच्या गोळ्या किमान वीस मारायच्या, आणि त्याआधी व त्यानंतर खिळ्यावरची टिचकी. ज्याचा माल खरा आहे तो कुरकुरतो, पण येतो. नव्या दुर्बिणीबाबत एवढंच बघतो की पिस्तुलाच्या धक्क्याला वॉरंटी आहे असं कंपनीने स्वतः लिहून दिलंय का. विक्रेत्याचं तोंडी "मॅग्नमप्रूफ" मी ऐकून सोडून देतो.

गेल्या महिन्यात तीच जाहिरात पुन्हा दिसली. टेबल तेच, कोपऱ्यातला चहाच्या कपाचा डागही तोच, फक्त पाचशेच्या आठशे गोळ्या झाल्या होत्या. मी दुसऱ्या नावाने विचारलं, "आठशे गोळ्या झाल्यात, मग नळीवर कड्यांचे व्रण का दिसत नाहीत?" उत्तर आलं नाही. दोन दिवसांनी जाहिरातीत नवा फोटो लागला. नळीवर आता छान दोन पट्टे होते, आणि त्यातला एक कडीच्या दुप्पट रुंद.