सहा महिन्यांनंतर: चार इनपुटचा एचडीएमआय स्केलर-स्विचर आणि ईडीआयडीचं दुखणं

सदाशिव पेठेतल्या छोट्या सभागृहात 1280×800 च्या प्रोजेक्टरवर हा स्विचर रोज चालतो. चार लॅपटॉपपैकी हवा तो निवडायचा आणि त्याचं चित्र प्रोजेक्टरच्या मापाचं करायचं (म्हणजे स्केलिंग), हे याचं काम. स्विचिंगबद्दल तक्रार नाही. लॅपटॉप बदलला तरी पडदा निळा पडत नाही, कारण प्रोजेक्टरकडे एकच सिग्नल अखंड जात राहतो.

सुरुवातीला आउटपुट 1080पी (1920×1080) होतं आणि स्केलिंग उत्तम वाटत होतं. ते मत मागे घेतो. मराठी स्लाइड लावून पडद्याजवळ उभं राहा: बारीक अक्षरातला अनुस्वार राखाडी डाग होतो, रफार शिरोरेघेला चिकटतो. आलेलं 1080पी चित्र प्रोजेक्टर स्वतःच्या पॅनेलसाठी पुन्हा लहान करतो, म्हणून. आउटपुट 1280×800 करा, इनपुटचा ईडीआयडीही (पडदा कोणत्या मापाचं चित्र घेतो हे लॅपटॉपला सांगणारी माहिती) तोच ठेवा, म्हणजे लॅपटॉप मुळातच त्या मापाचं चित्र पाठवेल. कीस्टोन (तिरकं पडलेलं चित्र चौकोनी करणारी प्रोजेक्टरची सेटिंग) शून्यावर आणा. तेही स्केलिंगच, त्यापेक्षा प्रोजेक्टर सरळ टांगा. मग एकेका पिक्सेलच्या काळ्या-पांढऱ्या चौकटींचं 1280×800 चं चित्र पूर्ण पडद्यावर लावा. लाटा दिसल्या तर कुठेतरी स्केलिंग शिल्लक आहे.

आता खरं दुखणं. लाईट गेली की हे यंत्र ईडीआयडीची सेटिंग विसरतं. परत सुरू होताना प्रोजेक्टरचा ईडीआयडी वाचायला जातं आणि तो मिळाला नाही की सरळ 1024×768 वर येतं. एवढ्या पैशांत सेटिंग जपणारी मेमरी द्यायलाच हवी होती! सर्व्हिस सेंटरने फॅक्टरी रीसेट करायला सांगितलं; त्यात उरलेल्या सेटिंगही पुसल्या गेल्या. फर्मवेअरसाठी यंत्र पंधरा दिवस ठेवून घेणार म्हणाले. तोवर कार्यक्रम कशावर करायचे?

उपाय स्वस्त आहे. स्विचर आणि प्रोजेक्टर यांच्यामध्ये ईडीआयडी एम्युलेटर लावा. प्रोजेक्टरचा ईडीआयडी वाचून साठवणारा आणि चित्र पुढे जाऊ देणाराच घ्या; नुसता डमी प्लग चालत नाही. प्रोजेक्टर बंद असला तरी स्विचरला 1280×800 च वाचायला मिळतं, त्यामुळे तो विसरला तरी बिघडत नाही.

एचडीसीपी म्हणजे चित्राची कॉपी होऊ नये म्हणून ते एन्क्रिप्ट करणारी व्यवस्था. लाईट गेल्यावर तिची सेटिंग मात्र एम्युलेटरमुळे टिकत नाही. समोर एचडीसीपी दिसलं की मॅकबुक साध्या स्लाइडही एन्क्रिप्ट करतं आणि रेकॉर्डरवर काळं चित्र येतं. म्हणून इनपुटचं एचडीसीपी बंद हवं. लाईट गेली तरी ही सेटिंग टिकावी म्हणून स्विचरला, राउटरला लावतात तो 12 व्होल्टचा छोटा यूपीएस जोडलाय. घेण्याआधी स्विचरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट, अँपिअर आणि पिनचा धन-ऋण तपासा.