एमपीथ्रीटॅग वापरून बघितलं: बाबांचं गीतरामायण एकदाचं ओळीत लागलं

तर झालं असं, मागच्या दिवाळीत मी बाबांच्या सगळ्या कॅसेटी एमपीथ्री करून पेनड्राइव्हवर टाकल्या आणि नाशिकहून पुण्याला जाताना गाडीत मोठ्या कौतुकाने गीतरामायण लावलं. पहिलं गाणं छान झालं, आणि त्यानंतर डायरेक्ट राघव मिथिलेला निघाले, मग अहिल्या, मग सीतास्वयंवर. बाबा म्हणाले, "अगं, रामाचा जन्म व्हायचाय अजून आणि तू लग्न लावून मोकळी?"

कारण साधंच होतं. मी फाइलींना १, २, ३ अशी नावं दिली होती आणि गाडीतला प्लेअर आकडे अक्षरांसारखे लावतो, म्हणजे १ झाला की १० ते १९, मग २, मग २०. एकूण गाणी ५६, रामजन्म सहावं, म्हणजे लवकुशांना शिकवणारं शेवटचं ५६ वं गाणं संपल्यावर राम जन्मणार!

घरी येऊन शोधाशोध केली आणि एमपीथ्रीटॅग घेतलं, म्हणजे गाण्यांच्या फाइलींना टॅग (फाइलीच्या आतच लिहिलेली गाण्याचा नंबर, गायक, अल्बम अशी माहिती) लावायचं सॉफ्टवेअर. विंडोजवर फुकट आहे, मॅकवर पैसे पडतात. दिसायला अगदी जुन्या जमान्यातलं, डावीकडे चौकटी आणि उजवीकडे फाइलींची यादी, एक्सेल वापरणाऱ्याला परकं वाटणार नाही. सगळ्या फाइली सिलेक्ट करून ऑटो-नंबरिंग उघडलं, आकड्याआधी शून्य लावा म्हणून टिक केलं, ०१ ते ५६ दोन क्लिकमध्ये. मग टॅगवरून फाइलचं नाव बनवणाऱ्या कन्व्हर्टरने नावंही तशीच करून घेतली, कारण माझा प्लेअर टॅगकडे ढुंकूनही बघत नाही, नावावरच चालतो. यासाठीच माझे पाचपैकी साडेचार.

याआधी आपोआप टॅग लावणारं एक सॉफ्टवेअर वापरून बघितलं होतं, नाव नाही घेत. ते गाणं ऐकून इंटरनेटवर जुळवतं म्हणे. हिंदी सिनेमाची गाणी ओळखली बऱ्यापैकी, पण आमच्या नाट्यसंगीताच्या एका पदाला त्याने कुठल्यातरी लाउंज अल्बमचं नाव आणि समुद्रकिनाऱ्याचं कव्हर चिकटवलं, आणि वर सेव्हही करून टाकलं. मराठी जुन्या गाण्यांना हाताने टॅग लावण्याला पर्याय नाही असं माझं मत झालंय, फक्त ते हाताचं काम भराभर झालं पाहिजे, आणि एमपीथ्रीटॅगची खरी गंमत तीच, ते स्वतःचं डोकं चालवत नाही.

नावांचा घोळ तर विचारू नका. बाबूजींचेच (सुधीर फडके) दोन गायक झालेले, एक इंग्रजीत पीएचवाले फडके आणि एक एफवाले फडके, शिवाय भावाने डाउनलोड केलेल्या गाण्यांत गायकाच्या जागी वेबसाइटचंच नाव. खाली फिल्टरची चौकट आहे, तिथे शोधायचं, सगळे सिलेक्ट करायचे आणि देवनागरीत एकदाच सुधीर फडके लिहून सेव्ह. देवनागरी हवी असेल तर सेटिंगमध्ये एमपीथ्रीचे टॅग यूटीएफ-१६ किंवा यूटीएफ-८ (अक्षरं साठवायच्या पद्धती) मध्येच लिहिले जातायत ना ते बघा, आयएसओवालं असेल तर नुसती प्रश्नचिन्हं. आणि तरी गाडीत चौकोन दिसले तर तो गाडीच्या फॉन्टचा प्रॉब्लेम, टॅग ठीक आहेत.

अजून एक, अल्बम आर्टिस्टची चौकट रिकामी ठेवू नका. चौदा गायकांची नाट्यसंगीताची एक कॅसेट माझ्या फोनमध्ये चौदा अल्बम होऊन बसली होती, प्रत्येकात एक पद. तिथे सगळ्यांना एकच नाव दिलं की जुळतं. गीतकारासाठी वेगळी चौकट सुरुवातीला समोर दिसत नाही, सेटिंगमधून आणावी लागते, हे मला खटकलं. आपल्याकडे भावगीत म्हटलं की गायकाच्या आधी कवी कोण हे विचारणारी माणसं आहेत हो.

कव्हरचं म्हणाल तर चित्र ओढून टाकलं की सिलेक्ट केलेल्या सगळ्या फाइलींना लागतं. पण जपून! मी मोबाइलने काढलेला चार एमबीचा फोटो ५६ फाइलींना लावला आणि फोल्डर सव्वादोनशे एमबीने फुगला. नंतर ॲक्शन्समध्ये कव्हर लहान करायची सोय सापडली, ६०० बाय ६०० केलं, पुरतं. कॅसेटचं कव्हर उभं असतं ना, प्लेअर ते चौकोनात बसवताना वरून कापतो आणि गायकाचं डोकंच जातं, म्हणून आधी काळ्या चौकोनावर मधोमध ठेवून घ्या.

अर्धा स्टार कापला तो माझ्याच चुकीमुळे, तरी कापतेच. एकदा सगळं फोल्डर सिलेक्ट असताना अल्बमचं नाव टाइप केलं आणि कंट्रोल एस दाबलं, चारशे गाणी एकाच अल्बमची झाली. अंडू (केलेलं मागे घ्यायची सोय) आहे, पण लक्षात येईपर्यंत मी प्रोग्रॅम बंद करून जेवायला बसले होते. हार्डडिस्कवर कॉपी होती म्हणून वाचले, तुम्हीपण आधी कॉपी काढा.

आता दुसऱ्या ट्रंकेतल्या कॅसेटी उरल्यात. कुणाकडे जुन्या नाट्यसंगीताच्या कॅसेटचं सरळ स्कॅन केलेलं कव्हर असेल तर सांगा, आमच्याकडच्यावर चहाचा गोल डाग आहे, बरोबर गायिकेच्या चेहऱ्यावर.