कार्यकारिणीत या म्हणतात, पण कुठल्या पदावर?

भागातल्या नागरिक मंचाची वार्षिक सभा जवळ आली की फोन सुरू होतात. ‘कार्यकारिणीत या, फारसं काम नसतं,’ असं सांगणाऱ्याने बहुधा स्वतः कधी इतिवृत्त लिहिलेलं नसतं. काम असतं. किती आणि कुठल्या तऱ्हेचं, हे पदावर ठरतं. पदं मात्र आपल्याकडे मानापानाने वाटली जातात: ज्येष्ठ गृहस्थ अध्यक्ष, ज्याला नाही म्हणता येत नाही तो सचिव, बँकेतून निवृत्त झालेला खजिनदार, उरलेले सगळे सदस्य. पाणी, पदपथ, कचरा, झाडं यांसाठी महापालिकेच्या मागे लागणाऱ्या आणि कुठल्याही पक्षाच्या दावणीला न बांधलेल्या संस्थेत जायचं तुमच्या मनात असेल, तर ही पदं शेजारी शेजारी ठेवून बघा. माझं मत आधीच सांगून टाकतो. नव्या माणसाने सचिवपद घेऊ नये, आणि खजिनदारपदाला लोक उगाच घाबरतात.

सुरुवातीला एवढं तपासा की संस्था नोंदलेली आहे का. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जण एकत्र येऊन संस्था नोंदवतात, आणि महाराष्ट्रात अशा सेवाभावी संस्थेची १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयातही नोंद होते. तिथल्या परिशिष्ट एकवर, म्हणजे संस्थेच्या अधिकृत नोंदीच्या पानावर, कार्यकारिणीतल्या सगळ्यांची नावं चढतात. म्हणजे लेटरहेडवर तुम्ही शेवटच्या ओळीतले ‘सदस्य’ असलात, तरी धर्मादाय कार्यालयाच्या लेखी विश्वस्तांमध्येच मोडता. ‘मी नुसता सदस्य होतो, मला काही माहीत नव्हतं’ हे तिथे चालत नाही. कागदावर जबाबदारी सगळ्यांची सारखीच. फरक पडतो तो रोज कुणाच्या हाताखालून काय जातं याचा.

नोंदणी नसलेले गटही पुष्कळ आहेत आणि त्यातले काही नोंदलेल्या संस्थांपेक्षा जास्त काम करतात. मुंबईत १९९७ पासून महापालिकेने सुरू केलेले एएलएम (अॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) म्हणजे गल्ली-वस्तीपुरते नागरिकांचे गट. त्यांचा संबंध वॉर्ड ऑफिसशी. तिथे ना चेंज रिपोर्ट (कार्यकारिणी बदलल्याचं धर्मादाय कार्यालयाला कळवणारा अर्ज), ना ऑडिट. पण अशा गटाने वर्गणी गोळा करायला सुरुवात केली आणि ती कुणाच्या तरी स्वतःच्या बचत खात्यात जाऊ लागली, की त्या माणसाच्या शेजारी उभं राहायच्या आधी दोनदा विचार करा.

सचिव

संस्था चालते ती सचिवामुळे, आणि सचिव दमला की थांबतेही. सभेची सूचना मुदतीत काढणं, कोरम भरेल एवढी माणसं जमवणं, प्रोसिडिंग म्हणजे इतिवृत्त लिहिणं, निवेदनावर आवक क्रमांकासह पोच घेणं, क्षेत्रीय कार्यालयातून ‘साहेब साइटवर गेलेत’ ऐकून परत येणं, ही नेहमीची कामं. त्यावर कायद्याची कामं. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करायचा. वार्षिक सभेनंतर कार्यकारिणीची यादी संस्था निबंधकाकडे द्यायची, तिला १४ दिवसांची मुदत. या दोन गोष्टी राहिल्या तर त्या दिवशी काहीच बिघडत नाही, म्हणूनच त्या राहतात. मग पाच-सात वर्षांनी बँक नव्या सह्या घ्यायला नकार देते, किंवा एखादा नाराज सभासद ‘ही कार्यकारिणीच बेकायदेशीर आहे’ म्हणून उभा राहतो. तेव्हा जुनी प्रोसिडिंग बुकं शोधत सगळे माळ्यावर चढतात.

माहिती अधिकाराचं काम बहुतेक मंचांत सचिवाकडेच येतं. २००५ च्या कायद्यात माहिती मागण्याचा हक्क नागरिकाला आहे, म्हणून अर्ज संस्थेच्या शिक्क्यापेक्षा माणसाच्या नावाने केलेला बरा. शुल्क दहा रुपये. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर प्रथम अपील, तेही फसलं तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. एका रस्त्याच्या खडीकरणाचं मोजमाप पुस्तक, म्हणजे झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही, बघायला वर्ष जाऊ शकतं. आणि या सगळ्या कागदांवर तुमचं नाव, तुमचा घरचा पत्ता.

हे मी घाबरवायला सांगत नाही, पण लपवूनही उपयोग नाही. तळेगाव दाभाडेत जमीन व्यवहारांची माहिती काढणाऱ्या सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी खून झाला. बंद पडलेल्या पथदिव्यांची माहिती मागणं आणि बांधकाम परवान्यांची माहिती मागणं यांत जोखमीचा फरक आहे. शहाण्या संस्था दुसऱ्या प्रकारचे अर्ज एकाच माणसाला करू देत नाहीत. तीन-चार जण एकाच विषयावर वेगवेगळे अर्ज टाकतात आणि आलेली माहिती लगेच सगळ्या सभासदांना पाठवतात. तुमच्या मंचात ही पद्धत नसेल आणि तरीही तुम्हाला सचिव व्हायचं असेल, तर ती आणण्याची अट घालूनच व्हा.

सचिवपद कुणी घ्यावं? ज्याला दुपारी बारा वाजता सरकारी कार्यालयात जाता येतं त्याने. नोकरदार माणूस सचिव झाला की निवेदनं ईमेलने जातात, आणि ईमेलला पोच मिळत नाही. आधी एक वर्ष सहसचिव राहून मग सचिव होणं हा सगळ्यांत चांगला रस्ता. सहसचिवाबद्दल वेगळं लिहिण्यासारखं फारसं काही नाही. चांगला सचिव भेटला तर ती शिकवणी, वाईट भेटला तर सतरंज्या उचलणं.

खजिनदार

या पदाला लोक घाबरतात कारण पैसा दिसतो. सचिवाच्या कामाला अंत नसतो, खजिनदाराच्या कामाला तारखा असतात. ३१ मार्चला वर्ष संपतं, सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेर, ऑडिट होऊन अहवाल धर्मादाय कार्यालयात जायला हवा. मधल्या काळात पावती पुस्तक, कॅशबुक आणि बँक पासबुक जुळतं का एवढंच दर महिन्याला पाहायचं. छोट्या मंचाचे व्यवहार वर्षाला एखाद्या वहीत मावतात. रविवारची सकाळ पुरते. नोकरी करणाऱ्या, मुलं लहान असलेल्या माणसासाठी हे पद सचिवपदापेक्षा कितीतरी सोयीचं आहे, पण सुचवताना कुणी ते तसं सुचवत नाही.

जिथे अडखळायला होतं त्या जागा ठरलेल्या आहेत. देणगीवर आयकराची सवलत देणारी ८०जी नोंदणी संस्थेकडे असेल, तर दोन हजारांपुढच्या रोख देणगीवर देणगीदाराला ती सवलत मिळत नाही. हे त्याला पावती फाडण्याआधी सांगायचं असतं. परदेशातून येणारा पैसा हे दुसरं ठिकाण. भागातल्या कुणाचा मुलगा न्यू जर्सीत असतो, आईच्या गल्लीतल्या झाडांसाठी पाठवतो म्हणतो. त्याचा पासपोर्ट अजून भारतीय असेल आणि पैसा त्याच्या स्वतःच्या बचतीतला असेल तर गोष्ट वेगळी. त्याने अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, तर ती परदेशी देणगी ठरते, आणि २०१० च्या परदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी किंवा परवानगी नसताना ती घेता येत नाही. रक्कम लहान आहे, घरचाच मुलगा आहे, हे कायद्याला कळत नाही. तिसरं ठिकाण भागातला बिल्डर. झाडांना जाळ्या लावून देतो, फलकावर नाव छोटंसं टाका, असं तो म्हणतो. पुढच्याच महिन्यात त्याच्या इमारतीच्या राडारोड्याची तक्रार तुमच्याच टेबलावर येणार असते. तेव्हा खजिनदार म्हणून लागणारा मुख्य गुण हिशेबाचा नाही, ‘हा चेक परत करू या’ असं सभेत म्हणता येण्याचा आहे.

तुम्ही सीए असाल तर संस्थेला आनंद होईल, पण कार्यकारिणीत आल्यावर त्याच संस्थेचं ऑडिट तुम्हाला करता येत नाही, हे आधीच स्पष्ट करा. फुकट ऑडिटर मिळाला या समजुतीने बोलावलेले सीए मी पाहिले आहेत.

अध्यक्ष

बाहेरून पाहणाऱ्याला हे शोभेचं पद वाटतं. काम खरंच कमी असतं, पण पक्षांचा सगळा दाब या एका खुर्चीवर येतो. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं पुणे-मुंबईत महापालिकेवर प्रशासक होते. तेव्हा नागरिक मंचांना एक विचित्र सोय होती. निवेदन आयुक्तांना, पाठपुरावा अधिकाऱ्यांकडे, मध्ये कुणी नाही. जानेवारी २०२६ च्या निवडणुकांनंतर नगरसेवक परत आले आणि पुण्यासारख्या शहरात एका प्रभागात ते चार-चार असतात. आता पदपथ दुरुस्त झाला की श्रेयाचा फ्लेक्स कुणाचा, कार्यक्रमाला चौघांपैकी कुणाला बोलवायचं, खुर्च्या कुठल्या क्रमाने लावायच्या, सत्कार ‘आमच्याकडून’ स्वीकारायचा का, हे सगळं अध्यक्षाकडे येतं. चौघांनाही तेच पत्र, त्याच दिवशी, हा नियम साधा आहे. तो मोडायला भाग पाडणारे बहुतेक आपलेच सभासद असतात.

अध्यक्षाची निवड करताना एक प्रश्न तोंडावर विचारायला हवा, आणि आपण तो भिडेपोटी विचारत नाही: तुम्हाला तिकीट हवं आहे का? हवं असणं हा गुन्हा नाही. २००७ मध्ये जुहूत नागरिकांनी एकत्र येऊन उभे केलेले अॅडॉल्फ डिसोझा मुंबई महापालिकेत निवडूनही आले. पण नागरिकांनी ठरवून उमेदवार देणं वेगळं, आणि मंचाच्या अध्यक्षपदावरून हळूच एखाद्या पक्षाच्या यादीत सरकणं वेगळं. दुसरा प्रकार एकदा घडला की पुढची दहा वर्षं तुमच्या प्रत्येक निवेदनावर ‘हे त्यांचेच लोक’ असा शेरा बसतो. अमेरिकेत १९२० मध्ये सुरू झालेल्या लीग ऑफ विमेन व्होटर्सच्या अनेक स्थानिक शाखांमध्ये अध्यक्षांवर मंडळातल्या इतरांपेक्षा कडक बंधनं असतात: पक्षाच्या तिकिटावर उभं राहायचं असेल तर आधी पद सोडा, जाहीर प्रचारातही पडू नका. साध्या मंडळ सदस्याला त्या मानाने थोडी मोकळीक मिळते. ही पायरी-पायरीची रचना मला आपल्या संस्थांच्या घटनांमधल्या (नियमावलींमधल्या) ‘संस्था अराजकीय राहील’ या एका ओळीपेक्षा जास्त उपयोगी वाटते. ती एक ओळ सगळ्यांना लागू असते, म्हणून कुणालाच लागत नाही.

साधा सदस्य

इथे दोन प्रकार होतात. एक महिन्यातून एकदा येऊन चहा पिऊन जाणारा, ज्याच्याबद्दल लिहायला नको. दुसरा एक विषय धरून बसणारा, आणि मंचाची खरी ताकद तिथे असते. झाडांचंच घ्या. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली झाड तोडण्याची नोटीस लागल्यावर हरकत घ्यायला सात दिवस मिळतात. दर महिन्याच्या सभेची वाट पाहणारी संस्था ती हरकत घेऊच शकत नाही. नोटिसांवर नजर ठेवणारा एक सदस्य, ज्याला विचारल्याशिवाय हरकत दाखल करण्याचा अधिकार ठरावाने दिलेला आहे, तोच ते करू शकतो. पुण्यात २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी कामं सुचवता येतात. त्याचे अर्ज वर्षातून एकदाच ठरावीक काळात घेतले जातात, आणि गल्लीत फिरून कुठे बाक हवा, कुठे उतार हवा याची यादी आधीच तयार असणाऱ्यालाच ती मुदत साधते. एखाद्या विषयाची गोडी आहे पण सभा-ठरावांचा कंटाळा आहे, अशा माणसाने हेच पद मागून घ्यावं. विषय मात्र ठरावात लिहून घ्यावा, नाहीतर सहा महिन्यांत सगळे विषय तुमचे होतात.

सरकारी नोकरीत असलेल्यांनी वेगळा विचार करावा. राज्य कर्मचाऱ्यांना १९७९ चे वर्तणूक नियम लागू आहेत आणि सरकारी धोरणावर जाहीर टीका त्यात बसत नाही. म्हणून पत्रकारांशी बोलावं लागणारं अध्यक्षपद आणि निवेदनांवर सही लागणारं सचिवपद त्यांच्यासाठी नाही. बाकी पद घेतानाही आधी खात्याला विचारलेलं चांगलं. महापालिकेची कंत्राटं घेणाऱ्याने तर कार्यकारिणीत येऊच नये. बाहेर राहून वर्गणी द्यावी.

कुठलंही पद असो, हो म्हणण्याआधी चार कागद मागा: संस्थेची घटना, गेल्या वर्षाचा ऑडिट अहवाल, मंजूर झालेला शेवटचा चेंज रिपोर्ट आणि मागच्या तीन सभांची इतिवृत्तं. ‘देतो की, विश्वास नाही का?’ असं उत्तर आलं तर थांबा. इतिवृत्तांमध्ये प्रत्येक ठराव ‘सर्वानुमते’ झालेला दिसला तरी थोडं थांबा. एकाही गोष्टीवर मतभेद न होणाऱ्या मंचात एक तर सगळं एकच जण ठरवतो, किंवा इतिवृत्त सभेनंतर महिन्याभराने लिहिलं जातं.

कधीतरी बाहेरही पडावं लागेल, आणि ते आत येण्याइतकं सोपं नसतं. व्हॉट्सअॅप गटातून निघणं म्हणजे राजीनामा नव्हे. तो लेखी द्यायचा, पोच घ्यायची, पुढच्या सभेच्या इतिवृत्तात तो मंजूर झाल्याची नोंद झाली का पाहायची आणि मग चेंज रिपोर्ट दाखल झाला का याची चौकशी करत राहायची. तो मंजूर होईपर्यंत परिशिष्ट एकवर तुमचंच नाव असतं, आणि मंजुरीला कधी कधी वर्षं लागतात. खजिनदाराने बँकेतली आपली सही रद्द झाल्याचं पत्रही मागून घ्यावं.