दाताचा तुकडा आम्ही दुधात घालून नेला होता

गेल्या चवथीच्या दुसऱ्या दिवशी माझा पंधरा वर्षांचा मुलगा घराच्या पायऱ्यांवरून घसरला. पावसाने चिऱ्यावर शेवाळ धरलं होतं. वरचे समोरचे दोन्ही दात तिरके तुटले. शेजारच्या काकूंनी तुळशीजवळ पडलेला मोठा तुकडा शोधून दिला. तो वाटीभर दुधात घातला आणि तासाभरात जवळच्या एका खासगी दवाखान्यात पोचलो.

डॉक्टरांनी वाटीकडे नीट पाहिलंही नाही. "याचा काही उपयोग नाही, टाकून द्या," म्हणाले. एक एक्स-रे काढला आणि सांगितलं, दोन्ही नसा मेल्यात, रूट कॅनाल करून झिर्कोनियाच्या, म्हणजे आत धातू नसलेल्या पांढऱ्या, कॅप बसवायच्या, आजच सुरू केलं नाही तर पू होईल. मुलाला नुसता वारा लागला तरी कळ येत होती. मेलेल्या नसेला कळ कशी येईल, हे विचारायचं मला सुचलं नाही. ते अजून सलतं.

42,000 रुपये भरले. परदेशी कंपनीचं वॉरंटी कार्ड घरी येईल म्हणाले, ते आलंच नाही. बिलावर फक्त 'दातांचे उपचार'.

शिगमोच्या, म्हणजे होळीच्या, सुमारास हिरडीलगत करडी रेघ दिसू लागली. तेव्हा बांबोळीच्या गोवा डेंटल कॉलेजात गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी आरशात कॅपची आतली कड दाखवली: धातू. वर नुसता सिरॅमिकचा थर. अशी कॅप झिर्कोनियापेक्षा बरीच स्वस्त पडते.

माझ्या मोबाइलमधला पहिला एक्स-रे बघून त्या थोडा वेळ गप्पच बसल्या. दात तुटल्याची कड नसेपासून लांब होती. नस मेली की नाही हे त्याच दिवशी नुसत्या एक्स-रेवरून ठरत नाही. गारवा लावून तपासतात, आणि मार लागल्यावर नस काही आठवडे गप्प राहू शकते म्हणून पुन्हा तपासतात. तो तुकडा जागेवर चिकटवता आला असता. नाहीतर दाताच्या रंगाचं कंपोझिट थराथराने चढवून निळ्या प्रकाशाने घट्ट करतात, बहुधा एकाच बैठकीत, दात जवळजवळ न घासता. या वयात नसेची पोकळी मोठी असते, हिरडीही अजून सरकत असते, म्हणून कॅप शक्यतो पुढे ढकलतात.

"तुकडा आणलाय का?" त्यांनी विचारलं. काय सांगणार!

कॅपसाठी घासलेला दात परत वाढत नाही. आता आतल्या खुंटांवर कंपोझिट टिकणार नाही, कॅपच बदलत राहायच्या, आयुष्यभर. तुमच्या मुलावर अशी वेळ आली तर तुकडा दुधात ठेवा आणि डॉक्टरांनी दात घासायचं मशीन हातात घेण्याआधी नस तपासायला लावा. नुसता तुकडा पडला असेल, दात मुळासकट निघाला किंवा हललेला नसेल, तर कॅप बसवण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवण्याइतका वेळ बहुधा असतो.

राज्याच्या डेंटल कौन्सिलकडे अर्ज दिला आहे. सोबत पैसे भरल्याच्या नोंदी, 'झिर्कोनिया' लिहिलेला त्यांचा व्हॉट्सअॅप मेसेज आणि तो पहिला एक्स-रे. तो मी नवऱ्याला दाखवायला म्हणून मोबाइलवर टिपला होता, म्हणून हाती राहिला.