धुराला कंटाळून होडीच्या मागे लावायचं इंजिन, म्हणजे आउटबोर्ड, बदलायचंय? आधी हे पाहा

कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलातच मिसळलेलं असतं आणि त्याच्याबरोबरच जळतं, म्हणून थोडा निळसर धूर निघणारच. पण माझ्या मते खरी घाण ती नव्हे. नवं मिश्रण सिलिंडरमध्ये शिरून जळलेला वायू बाहेर ढकलतं, तेव्हा एक्झॉस्टचं तोंड उघडंच असतं. त्यामुळे पाव हिश्शाच्या आसपास पेट्रोल न जळताच बाहेर पडू शकतं. ते डोळ्यांना दिसत नाही, खिशाला कळतं.

डायरेक्ट इंजेक्शनच्या टू-स्ट्रोकमध्ये ही गळती जवळपास थांबते, कारण तोंड बंद झाल्यावरच पेट्रोल फवारलं जातं. ऑइलही वेगळ्या टाकीतून, मोजकंच. ताकद आणि स्वच्छता दोन्ही एकत्र हवी असेल तर रचना हीच उत्तम. अडचण एवढीच की त्यातल्या नावाजलेल्या एव्हिनरूड ई-टेकचं उत्पादन २०२० साली बंद झालं. जुनं घेणार असाल तर सुटे भाग आणि लॅपटॉप लावून दोष शोधणारा मेकॅनिक आधी बघा.

फोर-स्ट्रोकचं ऑइल तळाशी वेगळं राहतं, त्यामुळे धूर नाहीच म्हणा. बदल्यात वजन जास्त आणि ठरावीक तासांनी ऑइल बदलणं आलं. छोटं इंजिन चुकीच्या कुशीवर आडवं ठेवलंत तर ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं, आणि मग सुरू करताना तेही भरपूर धुरतं.

तुम्ही इंजिन चालवता कसं, यावर निवड ठरते. वेगात धूर पंख्याच्या मधून पाण्याखाली जातो. संथ चालीत तो पाण्यावरच्या छोट्या भोकातून निघतो आणि वारा मागून असला की सरळ तोंडावर येतो. तासन्‌तास गळ ओढत हळू फिरणाऱ्याने सरळ फोर-स्ट्रोक घ्यावं. इंजिन हातानं उचलून नेणाऱ्या, अधूनमधून होडी काढणाऱ्याला जुनं टू-स्ट्रोक अजूनही परवडतं. मात्र तुमच्या पाण्यावर त्याला परवानगी आहे ना, ते विचारून घ्या. अमेरिकेतल्या टाहोसारख्या तलावावर कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकला बंदी आहे.

जुनंच ठेवणार असाल तर मिश्रण कंपनीने सांगितलेल्या प्रमाणातच करा. ते ५०:१ असेल तर दहा लिटर पेट्रोलला २०० मिली. ‘थोडं जास्त बरं’ म्हणून ओतलेलं ऑइल धूर वाढवतं आणि प्लग खातं. ऑइल टीसी-डब्ल्यू३ (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीचं) दर्जाचं हवं. थर्मोस्टॅट, म्हणजे थंड पाण्याचा प्रवाह आवरणारी झडप, उघडा अडकला असेल तर इंजिन नीट तापत नाही, तेव्हाही धूर वाढतो. तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल तर हेड गॅस्केटमधून (सिलिंडर आणि त्याच्या झाकणामधल्या पॅकिंगमधून) पाणी शिरत असू शकतं. त्याच्या दुरुस्तीचा खर्च विचारूनच नव्या इंजिनाचा हिशेब मांडा.